कुंकवाचा देठ

१

वसुबारसेच्या सकाळी एकनाथरावांच्या कारखान्यात एक खोकं परत आलं, आणि दुपारची जेवणं व्हायच्या आत रेणू खोटारडी ठरली.

मला हे संध्याकाळी कळलं. बरकतपुऱ्याच्या माझ्या घरात मी करंज्यांचं सारण भाजत होते. रेणू चपलांसकट स्वयंपाकघरापर्यंत आली. एरवी ही मुलगी उंबऱ्याबाहेर चपला जोडीनं लावून ठेवते. मी गॅस बंद केला.

"मावशी, पट्टी फुटली," ती म्हणाली. "एकनाथकाका म्हणतात, मी आकडे खोटे लिहिले."

तिला पाणी दिलं, बसवलं. मी सरकारी प्रयोगशाळेत नोकरीभर फुटक्या वस्तूच तपासल्या. जळालेल्या तारा, तुटलेल्या साखळ्या, जत्रेत कोसळलेल्या पाळण्याचे नटबोल्ट. फुटलेली वस्तू खोटं बोलत नाही. माणसांचं तसं नसतं, म्हणून निवृत्तीनंतर मी माणसांपेक्षा करंज्यांत जास्त रमते.

रेणू माझ्या धाकट्या भावाची, मधुकरची विद्यार्थिनी. बिदरहून शिकायला आली तेव्हापासून तिची निम्मी जेवणं तारनाक्याला मधुकरच्याच घरी झाली. त्याच्याच शब्दावर तिला चर्लापल्लीला एकनाथरावांकडे नोकरी लागली. मधुकर तिथे सल्लागार आहे. एकनाथराव बोअरवेलच्या पंपात बसणाऱ्या प्लास्टिकच्या चकत्या करतात. पंपाचा सगळा भार त्या चकतीवर फिरतो. ती झिजली की पंप बसला.

रेणूनं या चकत्यांसाठी नवं मिश्रण शोधलं होतं, नायलॉनमध्ये ग्रॅफाइट. ग्रॅफाइट म्हणजे आपल्या शिसपेन्सिलीतलं शिसं. ते थराथरांचं असतं, एका थरावरून दुसरा घसरतो, म्हणून तर पेन्सिल कागदावर उमटते. रेणू एक खास प्रकारचं ग्रॅफाइट भट्टीत तापवायची. ते लाह्यांसारखं फुलायचं, थर सुटे व्हायचे, आणि मग ती ते नायलॉनमध्ये मिसळून दाबायची. थर सपाट बसले की प्लास्टिक बळकट होतं, उष्णता वाहून नेतं आणि वंगणाशिवाय घसरतं. तिनं मला हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी म्हटलं होतं, "म्हणजे चिरोटे की गं. पदर सुटले तर चिरोटा, नाहीतर पुरी." तेव्हापासून आम्ही दोघी त्याला चिरोटेच म्हणतो.

एका मोठ्या पंप कंपनीनं चाचणीसाठी या मिश्रणाची पट्टी मागवली होती. त्यांनी तिच्यातून चकत्या कापून पंपात बसवल्या. पंप सुरू झाला आणि चकत्या बिस्किटासारख्या फुटल्या.

"भाऊबीज झाली की कारखाना उघडेल," रेणू म्हणाली. "त्या दिवशी काका कंपनीला पत्र लिहिणार. या मुलीनं आम्हालाही फसवलं, असं. मग या धंद्यात मला दारात तरी कोण उभं करेल?"

"मधुकर काय म्हणाला?"

"सर काहीच बोलले नाहीत. खाली बघत बसले." आणि लगेच तिनं त्याचीच बाजू घेतली. "त्यांना किती वाईट वाटलं असेल, मावशी. पेटंटच्या अर्जावर मी त्यांचं नाव घातलं होतं, तर त्यांनीच काढायला लावलं. म्हणाले, काम तुझं आहे, मला काय करायचंय नाव. एवढं मोठं मन. आणि माझ्यामुळे त्यांची मान खाली गेली."

तिनं पिशवीतून पट्टीचा उरलेला तुकडा काढला. एका कोपऱ्यात पूजेचं कुंकू होतं, तेवढा कोपरा कंपनीनं न कापता परत पाठवला होता. मी एक कोरा कागद घेतला आणि तुकड्याची फुटकी कड त्यावर घासली. रेघ उमटली, पण मंद, तव्याच्या बुडाच्या काजळीसारखी. पेन्सिलीची रुपेरी चमक तिच्यात औषधालाही नव्हती.

"रेणू," मी म्हटलं, "ही तुझी पट्टी नाही."

२

ती हसेल असं वाटलं होतं. ती खाली फरशीवरच बसली.

तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक काळी कडी आहे, तिच्या मिश्रणातली पहिली जमलेली. मी दिवाळीच्या माळेतला एक लाल दिवा कापला, त्याला दोन सेल जोडले आणि वायरींची टोकं त्या कडीला टेकवली. दिवा लागला. ग्रॅफाइटचे थर आतून एकमेकांना टेकलेले असतात, त्यांतून वीज जाते. मग तीच टोकं परत आलेल्या तुकड्याला टेकवली. वर टेकवली, खाली टेकवली, फुटक्या कडेला खुपसली. दिवा ढिम्म.

भिंग काढलं. गंमत म्हणजे फुटक्या कडेत पदर होते, आणि चांगले सपाट, एकावर एक बसलेले. पण पदरांच्या मध्ये पांढुरकी झाक होती. बोटावर घेऊन चोळलं तर साबणासारखं बुळबुळीत लागलं. ते संगजिरे होतं, रांगोळीत घालतात ते. तेही थराथरांचंच असतं. कुणीतरी संगजिरे दाबून पट्टी केली होती आणि ती काळी दिसावी म्हणून काजळी घातली होती. नायलॉन बहुधा न वाळवताच दाबलेलं होतं. ओलं नायलॉन दाबलं की ठिसूळ होतं, हे रेणूनंच मला शिकवलेलं.

खालच्या कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढा उंचवटा होता. कारखान्याच्या साच्याचा तिथे टवका उडालाय, त्यामुळे त्यातून निघणाऱ्या प्रत्येक पट्टीला ही चामखीळ येते. म्हणजे खोटी पट्टीही एकनाथरावांच्याच कारखान्यात, त्यांच्याच साच्यात झाली होती. चोर घरचाच होता.

राहिलं कुंकू. एकनाथरावांचा नियम असा, की नव्या मालाचा पहिला नग खंडेनवमीला यंत्रांसोबत पुजायचा आणि मगच बाहेर पाठवायचा. यंदा मलाही बोलावणं होतं. आम्ही पाच जण होतो. एकनाथराव, त्यांचा मुलगा विक्रम, प्रेस चालवणारा उमाजी, रेणू आणि मी. पट्टी सुटावी म्हणून साच्याला मेणासारखं काहीतरी लावतात, ते पट्टीवरही उतरतं. त्यामुळे एकनाथरावांनी पाण्यात कालवलेलं कुंकू लावलं की त्याचे थेंब होऊन ओघळायचे. उमाजी म्हणाला, "मालक, प्रेसचं तेल देऊ का?" एकनाथराव म्हणाले, "देवाच्या कामाला प्रेसचं तेल देतोस व्हय रे?" मग त्यांनी समईतलं तेल घेतलं, त्यात कुंकू कालवलं आणि लावलं. सगळे हसले. विक्रमनं फोटो काढला. मधुकर थेट आरतीला उगवला, वाटेत हबसीगुड्याला रस्ता खणून ठेवलाय म्हणत. पट्टी ऑफिसच्या बिनकुलपाच्या कपाटात ठेवली आणि दसरा झाल्यावर खोक्यात भरून रवाना झाली.

तेलातलं कुंकू कितीही दिवस गेले तरी बोटाला चिकटतं, कागदावर तेलकट डाग सोडतं. या तुकड्यावरचं कुंकू मी कडेला नखानं जरासं खरवडलं तर भुगा होऊन पडलं. कागद कोरडा राहिला, आणि तेवढ्या जागेवरचं मेणही पुसून काढलेलं दिसलं. म्हणजे पट्टी पूजेनंतर बदलली होती, आणि बदलणाऱ्यानं तिला नव्यानं कुंकू लावलं होतं, पाण्यातलं.

त्या कुंकवाच्या टिळ्याला लागून खाली नखानं ओढल्यासारखी एक बारीक रेघ होती. मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. का, ते पुढे सांगेन. तेव्हा मला ते स्वतःलाही सांगायचं नव्हतं.

"कोण असेल, मावशी?"

"उद्या विचारू," मी म्हटलं. त्या संध्याकाळी करंज्या राहिल्याच.

३

धनत्रयोदशीला मी चर्लापल्लीला गेले. कारखाना बंद होता, पण एकनाथराव ऑफिसात पूजेची तयारी करत होते. मूळचे उदगीरकडचे शेतकरी, आता केस पिकले तरी आवाज शेताच्या बांधावरचाच. मी त्यांना दिवा लावून दाखवला, काजळी दाखवली, कुंकवाचा भुगा दाखवला. त्यांनी सगळं नीट पाहिलं.

"ताई, तुमचं खरं हाय," ते म्हणाले. "पट्टी खोटी हाय. पण मग तिनंच खोटी पाठवली नसंल कशावरून? खरी तिला जमलीच नसंल. एक कडी जमली म्हणून पट्टी जमती व्हय?"

"पूजेला होती ती?"

"ती तरी मी कुठं फोडून बघितली?" त्यांचा आवाज उतरला. "लेकीवानी धरलं व्हतं तिला. माझ्या विक्रमला जे सांगत न्हाई ते तिला सांगत व्हतो. केसानं गळा कापला बघा. खरी पट्टी आणून दाखवा, ताई, मग मी तिच्या पाया पडतो. न्हाईतर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पत्र जाईल."

माणूस वाईट नव्हता. फसवलं गेलेलं माणूस दिसेल त्याला धरतं.

विक्रम बाहेर गाडीला टेकून फोनवर होता. त्याला कारखान्यात रस नाही, हे तो लपवतही नाही. "मावशी, सच बोलू? बंद झाली फॅक्टरी तर मला टेन्शन नाही. ह्या जागेसाठी बिल्डर लोक रोज फोन करायलेत. पण त्यासाठी मी रेणूला कैकू फसवू? डॅडी थकले की आपोआप बंद होणारच आहे. आणि मी प्रेसजवळ जातच नाही, शर्ट खराब होतो."

शर्ट खरोखरच पांढराशुभ्र होता. मी त्याच्याकडे खंडेनवमीचा फोटो मागितला. त्यानं तिथल्या तिथे पाठवला.

उमाजी प्रेसला झेंडूची माळ घालत होता. त्याचं रेणूशी वाजायचं, हे मला ठाऊक होतं. "मॅडम रोज एकच बोलायच्या, दाणा वाळव, दाणा वाळव," तो म्हणाला. "राग यायचा, हौ. पण माल खराब निघाला तर पहिलं माझंच नाव जाते की. मी कशाला ओला दाणा दाबू?"

"प्रेसवर अजून कोण बसतं?"

"मॅडम बसतात. सर बसतात कधी कधी, त्यांची ती पांढरी पावडर घेऊन. दसऱ्याच्या आधी बसले होते. जरा जरा घालायचे, हळू दाबायचे, परत घालायचे. मी बोललो, सर, असं केलं तर दिवस जाईल. ते बोलले, घाई केली की पदर मोडतात, उमाजी."

उमाजीनं हे अगदी सहज सांगितलं. माळ सरळ केली आणि दुसऱ्या यंत्राकडे वळला.

४

परतताना ऑटोत विक्रमचा फोटो मोठा करून पाहिला. पट्टीवर तेलातलं कुंकू चमकत होतं, एकनाथरावांच्या अंगठ्याएवढं. त्याच्याखाली रेघ नव्हती.

आता त्या रेघेबद्दल सांगते. आमचे वडील सरकारी कचेरीत होते. खंडेनवमीला आई त्यांचे टाक, दौत, कायद्याची पुस्तकं, आमच्या पाट्या, अगदी विळीसुद्धा पुजायची. कुंकू लावलं की लगेच त्याच्याखाली नखानं एक बारीक रेघ ओढायची. तिला ती देठ म्हणायची. "बिनदेठाचं कुंकू पोरकं दिसतं," म्हणायची. ही रीत मी दुसऱ्या कुठल्याही घरात पाहिली नाही. आईच्या हाताखाली शिकलेली माणसं आता दोनच उरली आहेत, मी आणि मधुकर.

मी विक्रमवर संशय घ्यायला फार धडपडले. खरंच धडपडले. पण ज्यानं खोट्या पट्टीला पाण्यातलं कुंकू लावलं त्याला समईच्या तेलाचा प्रकार माहीतच नव्हता. विक्रमनं तर त्याचा फोटो काढला होता. उमाजीनं तेल देऊ केलं होतं, एकनाथरावांनी ते लावलं होतं, रेणू हसता हसता खुर्चीवर बसली होती. ठाऊक नव्हतं ते फक्त आरतीला पोचलेल्या माणसाला. त्यानं पट्टीवर कुंकू पाहिलं, आणि कुंकू पाण्यातच कालवतात एवढंच त्याला आयुष्यभर माहीत.

आणि ते पदर. दुसऱ्या कुणी नायलॉनमध्ये नुसती काजळी कालवली असती आणि हात धुतले असते. पट्टी फुटली तरी आतून पदर दिसले पाहिजेत, ही काळजी मास्तरच घेतो. मधुकरनं जन्मभर संगजिरे आणि चिकणमातीच्या थरांवर संशोधन केलं, त्याच्या कपाटात दुसरं काही नाही.

मला त्याचा राग आला नाही आधी. मला आईच्या रेघेचा राग आला. मग मात्र जो आला तो आवरेना. या मुलीनं त्याच्या ताटात जेवून त्याला बाप मानलं, आणि ज्या दिवशी तिच्या तोंडाला काळं फासलं त्या दिवशी हा समोर बसून खाली बघत होता. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात. ते कुंपण माझ्याच घरचं निघालं.

पण एकनाथरावांना रेघ दाखवून काय होणार? ते म्हणाले असते, ताई, रेघ काय कुणीबी ओढंल. त्यांना खरी पट्टी हवी होती. ती मधुकरनं फोडून टाकली असेल तर रेणू संपली.

ऑटो तारनाक्याच्या चौकात सिग्नलला थांबला तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की फोडली नसेल. मधुकर तसा नाही. देवाचा फाटका फोटोही तो वर्षभर जपतो. घरातलं निर्माल्यसुद्धा बासरला गेला की गोदावरीत सोडतो, कचऱ्यात टाकत नाही. माझा भाऊ विद्यार्थिनीचा गळा कापू शकतो, हे मला आजच कळलं होतं. पण पुजलेली वस्तू तो मोडू शकत नाही, हे मला त्याच्या मुंजीपासून माहीत आहे.

५

नरक चतुर्दशीला फराळाचा डबा घेऊन मी त्याच्याकडे गेले.

"अक्का, ये ये," मधुकर म्हणाला. बायको गेल्यापासून दिवाळीला तो एकटाच असतो. मी आले की त्याचा चेहरा उजळतो, तसा उजळला. मला ते बघवलं नाही.

मी बशीत चकल्या काढल्या. त्यानं एक खाल्ली. दुसरी वाढायला गेले तर म्हणाला, "नको, बास." आणि बशीकडे बघत बसला. लहानपणापासूनचं आहे हे. नको म्हणायचं आणि कुणी आग्रह करतंय का ते बघायचं. आई तीन तीनदा वाढायची. मीही पुन्हा वाढली, आणि त्यानं खाल्ली.

"रेणूचं काय करायचं रे?" मी विचारलं.

"काय करणार? तिला घाई फार. ग्रॅफाइटचे थर नायलॉनमध्ये नीट पसरत नाहीत, हे मी वर्गात जन्मभर सांगत आलो."

"पण तिला पसरवता आले होते ना?"

तो चकलीचे तुकडे करत राहिला.

"पेटंटवरचं नाव तूच काढायला लावलंस म्हणे," मी म्हटलं.

"मी नको म्हटलं," तो म्हणाला. आवाज एकदम वर गेला, मग त्यानंच तो खाली आणला. "आणि तिनं खरंच काढलं, अक्का. एकदा, एकदाही पुन्हा विचारलं नाही. माझ्या घरी जेवली, माझी पुस्तकं वाचली, मी विचारलेले प्रश्न सोडवले. माणूस नको म्हणाला तर एकदा तरी आग्रह करतात की नाही? पट्टी फिसकटली असती तर आली असती माझ्याकडे. सर, काय चुकलं, म्हणून आली असती."

"आली नाही?"

"एकनाथरावांनी तिला बोलूच दिलं नाही," तो म्हणाला आणि उठला. "चहा ठेवतो."

मला एवढं पुरेसं होतं. पट्टी फुटावी आणि मुलगी पुन्हा त्याच्या दाराशी यावी, एवढाच त्याचा हिशेब होता. त्याला कळलंही नाही की तो काय बोलून गेला.

देवघर बाहेरच्या खोलीतच आहे, आईचंच. बाळकृष्ण नेहमी महिरपीच्या बोटभर खाली असतो. आज त्याचा मुकुट महिरपीला टेकला होता. देवांखालचं लाल कापडही नवं होतं. मी हात धुतले, नमस्कार केला आणि कापडाचं टोक उचललं. खाली काहीतरी काळं होतं. पर्समधून माळेतला दिवा काढला आणि वायरींची टोकं त्या काळ्या कडेला टेकवली.

दिवा लागला. देवाच्या पायाशी इवलासा लाल उजेड पडला, आणि माझ्या मागे येणारा कपबश्यांचा आवाज थांबला.

६

मी वळले नाही. दिवा पर्समध्ये टाकला, कापड सारखं केलं, त्याच्या हातून कप घेतला आणि चहा प्यायले. त्यानं पाहिलं होतं, हे मला माहीत होतं, आणि मी पाहिलं, हे त्याला.

निघताना दारात मी म्हटलं, "भाऊबीजेला ये. यंदा ओवाळणी मी मागेन ती आण."

पट्टी मी तेव्हाच उचलून आणू शकले असते. पण मग एकनाथराव म्हणाले असते, ताईनं कुठून आणली काय की. ती त्याच्या हातूनच यायला हवी होती. तोवर तो गोदावरीला जाऊन आला तर काय, या विचारानं मला ना लक्ष्मीपूजन गोड लागलं ना पाडवा.

भाऊबीजेला मी एकनाथराव, विक्रम आणि रेणूला जेवायला बोलावलं. एकनाथराव रेणूकडे न बघता बसले. रेणू स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली, पाहुणी की मोलकरीण ते न ठरवता आल्यासारखी. मधुकर शेवटी आला. हातात दरवर्षीची साडीची पिशवी होती. रेणूनं त्याला वाकून नमस्कार केला. तो पुटपुटला काहीतरी.

मी परत आलेला तुकडा एकनाथरावांच्या हातात ठेवला आणि सगळं सांगितलं. साच्याची चामखीळ, संगजिऱ्याचे पदर, समईचं तेल आणि पाण्यातलं कुंकू. हे काम अशा माणसाचं, ज्याला प्रेस चालवता येते, पदर बसवता येतात आणि जो पूजेच्या वेळी तिथे नव्हता. एकनाथरावांची नजर खोलीभर फिरली आणि कुठेच ठरेना.

"आणि कुंकवाखाली बघा," मी म्हटलं. "नखाची रेघ आहे. विक्रमच्या फोटोत ती नाही."

"हाय खरी," एकनाथराव म्हणाले. "मग कोण, ताई? नाव सांगा."

"नाव मी घेणार नाही. आधी भावाला ओवाळते, मुहूर्त टळेल."

पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी होती. मधुकर डोक्यावर रुमाल घेऊन बसला. मी अनामिकेनं त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या. आणि कुंकवाच्या खाली नखानं एक रेघ ओढली, आई ओढायची तशी.

एकनाथरावांनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. मग मधुकरच्या कपाळाकडे. मग पुन्हा तुकड्याकडे.

मी ओवाळलं. मधुकरनं पिशवीत हात घातला. साडी नव्हतीच तिच्यात. लाल कापडात गुंडाळलेली पट्टी त्यानं काढली आणि तबकात निरांजनाशेजारी ठेवली. कापड बाजूला झालं तेव्हा कोपऱ्यातलं एकनाथरावांचं तेलातलं कुंकू अजून ओलसर चमकत होतं. विक्रमनं मी टेबलावर ठेवलेला माळेतला दिवा उचलून वायरी टेकवल्या. दिवा लागला.

एकनाथराव उठले. रेणूपुढे जाऊन हात जोडले. "पोरी, माझं चुकलं. मी उद्याच कंपनीला कळवतो. ही पट्टी तूच घेऊन जा, तुझ्या हातानं दे." ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

रेणूनं त्यांचं ऐकलं की नाही कोण जाणे. ती पाटासमोर खाली बसली होती. इतके दिवस ती ज्याची बाजू घेत होती त्याच्याकडे बघत होती.

"सर, एक हातोडी पुरली असती," ती म्हणाली. "का नाही मोडलीत?"

"पुजलेली होती," मधुकर म्हणाला. "हात धजला नाही."

रेणूनं मान हलवली, वर्गात एखादं उत्तर समजलं की हलवावी तशी. पट्टी उचलून पदरात घेतली.

"आणि मी, सर?"

मधुकरनं मान खाली घातली. खोकं परत आलं त्या दिवशीही ती अशीच घातली असणार. मग तो पाटावरून उठला, रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि चपला घातल्या.

"मी निघतो, अक्का," तो म्हणाला. "जेवायला नको."

दारात तो थांबला. कशासाठी थांबला, ते मला जगात सगळ्यांत चांगलं कळतं. स्वयंपाकघरात चिरोट्यांचा डबा उघडाच होता, त्याला आवडतात म्हणून केलेले.

मी आग्रह केला नाही.